छप्पर उतरवणारे साडूभाऊ

देवघरातले देव सोडले, तर या जगात अशी एकही वस्तू नाही जी माझ्या साडूंनी एकदा तरी उचलून दुसरीकडे ठेवून पाहिलेली नाही. आणि देवांच्या बाबतीतही मी छातीठोकपणे काही सांगणार नाही, कारण त्यांच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी बाळकृष्ण मला कधी गणपतीच्या डावीकडे दिसला आहे, कधी उजवीकडे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो आणि ते मला भैया म्हणतात. दोन बहिणी एकाच घरात वाढल्या, एकाच रायपुरात नांदल्या, आणि वडिलांनी जावई मात्र असे शोधले की एकाला बसवत नाही आणि दुसऱ्याला उठवत नाही. दुसरा म्हणजे मी. मी रेल्वेच्या कचेरीत ज्या टेबलावर रुजू झालो त्याच टेबलावरून निवृत्त झालो, आणि घरी सोफ्याचा एक कोपरा माझ्या आकाराचा खोल गेलेला आहे. त्या कोपऱ्यावरून मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी पाहिल्या, पण भाऊजींसारखा माणूस पुन्हा पाहिला नाही.

ते आमच्या शंकर नगरच्या घरी आले की पाणी नंतर, चहा नंतर. आधी ते दारात उभे राहून खोलीभर नजर फिरवतात, आणि त्यांचे हात शिवशिवायला लागलेले मला माझ्या कोपऱ्यातून दिसतात. "भैया, हा सोफा इथं काहून?" मी म्हणतो, "भाऊजी, तो पहिल्यापासून इथंच आहे." यावर ते अत्यानंदाने म्हणतात, "म्हणून तं विचारून राहिलो!" आणि मग मला उठावं लागतं, कारण न उठल्यास ते मला सोफ्यासकट सरकवतात. त्यांच्या स्वतःच्या घराची तर गोष्टच सोडा. त्यांच्या फ्रिजने स्वयंपाकघर, बैठक, जिन्याखालची जागा आणि एका उन्हाळ्यात चक्क झोपायची खोली असा प्रवास केलेला आहे. एकदा त्यांच्याकडे आलेले एक पाहुणे हात धुवायला मोरीवर गेले आणि परतले, तर ज्या खुर्चीवरून ते उठले होते तिथे कपाट उभं! पाहुणा बिचारा आपण दुसऱ्याच्या घरात शिरलो असं समजून माफी मागत रस्त्यावर गेला. भाऊजी त्याच्या मागे धावले, त्याला हाताला धरून आत आणलं आणि कपाट इथे आल्यामुळे वारा कसा सरळ येतो ते जेवण होईपर्यंत समजावून सांगितलं.

बरं, हा सगळा उद्योग उगाच नसतो. त्यामागे एक तळमळ असते. जागा फुकट जाता कामा नये, ही ती तळमळ. दोन वस्तूंमध्ये रिकामी जागा दिसली की त्यांना कोणीतरी अन्न टाकून दिल्यासारखं वाटतं. मोजायला ते पट्टी वापरत नाहीत, बोटं वापरतात. "इथं चार बोटं वाया चालली, भैया." ती चार बोटं वाचली की त्यांचा चेहरा उजळतो, आणि वाचलेल्या चार बोटांत काय ठेवायचं या विचाराने पुन्हा अस्वस्थ होतो.

मग राज्य नवं झालं आणि रायपूर राजधानी. शहरात मिठाया वाटल्या गेल्या, फटाके उडाले, ज्याला त्याला आपापल्या परीने आनंद झाला. पण भाऊजींचा आनंद काही वेगळाच होता, कारण अख्ख्या सरकारचं सामान हलणार होतं! ते एका खात्यात बाबू होते. त्या दिवसांत जिथे छप्पर दिसेल तिथे एखादं खातं शिरत होतं, आज एका दारावर लावलेली पाटी पुढच्या महिन्यात दुसऱ्या दारावर दिसायची, आणि बिचारे अभनपुराकडून बसने आलेले लोक दुपारभर आपलं खातं शोधत फिरायचे. बाकीचे कर्मचारी कावून गेले होते. भाऊजी मात्र रोज घरी येऊन ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगायचे की आज आम्ही आवक-जावकचं टेबल खिडकीपाशी नेलं, उद्या साहेबांचं दार फिरवणार आहोत. एवढ्या वर्षांच्या नोकरीत सरकार आणि ते अशा एकविचाराने प्रथमच चालत होते.

त्याच हलवाहलवीत त्यांच्या टेबलावर संगणक आला, संगणकात इंटरनेट आलं, आणि भाऊजींना ब्राउझर भेटला. ज्या खिडकीतून आपण सगळे इंटरनेट पाहतो ती ही खिडकी. तुम्ही-आम्ही खिडकीतून बाहेर बघतो. भाऊजींनी चौकट पाहिली. वर एक पट्टी, तिच्यात उघडलेल्या पानांची नावं. तिच्याखाली दुसरी पट्टी, तिच्यात पत्ता. त्याखाली तिसरी, तिच्यात जतन केलेल्या जागा. त्याखाली कुठून तरी आपोआप येऊन बसलेली चौथी, तिच्यात कोणाच्याही कामाची नसलेली रंगीबेरंगी बटणं. भाऊजींनी पडद्यावर बोटं टेकवून मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं. "भैया, एवढं जाड छप्पर, अन् खाली राहायले एवढीशी खोली! यात माणूस काय वाचणार?" तेव्हापासून त्या वरच्या पट्ट्यांना ते छप्पर म्हणतात, आणि छप्पर उतरवणं हे त्यांच्या आयुष्याचं काम होऊन बसलं.

आणि कसं उतरवलं म्हणता! ब्राउझरमध्ये उजवी क्लिक केली की आपल्या मनासारखी मांडणी करायची सोय निघते हे त्यांना ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत. जेवण ही कल्पनाच त्यांना सुचली नाही. त्यांनी चौथी पट्टी काढली, तिसरी काढली, दुसरी आणि पहिली एकमेकींत घुसवली. बटणं लहान केली, मग त्यांच्यातली अंतरं लहान केली, मग निम्मी बटणं काढूनच टाकली. ज्या बटणाने आपण आपल्या मुख्य पानावर परततो ते छोट्या घराचं चित्र असलेलं बटण माझ्या संगणकावरून उडवताना मी हरकत घेतली, तर म्हणाले, "घरीच तं बसले आहे ना तुम्ही? अजून कुठं जायचं आहे?" शेवटी त्यांच्या पडद्यावर वर फक्त एक दोऱ्याएवढी रेघ उरली आणि बाकी सगळं पान. कुठल्या कळा दाबल्या की काय होतं ते त्यांना पाठ होतं, त्यामुळे त्यांचं अडत नसे. अडायचं ते त्यांच्या नंतर त्या खुर्चीत बसणाऱ्याचं.

यातूनच साहेबांचं प्रकरण झालं. साहेब दुपारच्या बैठकीला गेले असताना भाऊजी त्यांच्या खोलीत कागदावर सही घ्यायला गेले. साहेब नव्हते, पण साहेबांचा पडदा उघडा होता, आणि त्याचं छप्पर भाऊजींना बघवेना. साहेब परत आले तर पडद्यावर नुसतं एक पान, कुठे काही बटण नाही, पत्ता लिहायला जागा नाही. साहेबांनी घंटी वाजवली, शिपाई आला. शिपायाने तारा हलवल्या, मग दुसऱ्या खोलीतला जाणकार आला, मग तिसऱ्या खोलीतला. होता होता अख्ख्या मजल्यावर बातमी गेली की सरकारने इंटरनेट बंद केलं. साहेब घाबरेघुबरे होऊन बाहेर आले, "अरे भाई, इंटरनेट कहाँ गया?" तेव्हा भाऊजी आपल्या टेबलावरून शांतपणे म्हणाले, "इंटरनेट वहीं है सर, सिर्फ छप्पर उतारा है।" त्यांची बदली झाली नाही हे केवळ नशीब. दुसऱ्या मजल्यावर मात्र पाठवण्यात आलं, आणि त्याचंही त्यांना वाईट वाटलं नाही. तिथली टेबलं कोणी कधीच हलवली नव्हती.

या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे काय, हे आमच्या ताईंनाच ठाऊक. ताई स्वभावाने माझ्यासारख्याच, म्हणजे जिथली वस्तू तिथे. त्यांनी लग्नानंतर लगेच एक गोष्ट केली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून नवऱ्याला सांगितलं, "इकडं हात लावाचा नाई. बाकी घर तुमचं." भाऊजींनी हा तह आयुष्यभर पाळला. (फ्रिज स्वयंपाकघरातून बाहेर गेला तो ताईंच्या परवानगीने, त्याचा आवाज त्यांना नको होता म्हणून.) आत हळदीचा डबा अंधारातही हाताला लागावा, आणि बाहेर दिवाळीला आलेल्या बहिणीला बसायला खुर्ची सापडू नये, असं ते घर होतं. ताईंना मात्र खुर्ची सापडायची. भाऊजींनी हलवायचं आणि ताईंनी शोधायचं, असा तो त्यांचा दोघांचा खेळच होता. त्या सकाळी उठून बैठकीत यायच्या, एकवार बघायच्या आणि म्हणायच्या, "अच्छा, आज दिवाण तिकडं गेला काय!" भाऊजींना वाटायचं आपलं कौतुक झालं. कदाचित ते कौतुकच असेल.

घरात संगणक आला तेव्हा तो स्वयंपाकघरात बसला नाही, म्हणून तो तहाच्या बाहेर राहिला. पण त्याच्यावर खरं राज्य ताईंचं होतं, कारण ताई तिकिटं काढायच्या. आपल्याकडे विदर्भातून आलेली जी घरं आहेत, कोणी रेल्वेत, कोणी सरकारी खात्यात, त्यांचं अर्धं चित्त कायम नागपूर-वर्धा-अमरावतीच्या गाडीत असतं. लग्न तिकडे, बारसं तिकडे, आजारपण तिकडे. आणि निरोप येतो तो नेहमी उद्या निघायच्या बेताने. म्हणजे तत्काळ तिकीट. सकाळी रेल्वेच्या साइटवर त्याची खिडकी उघडते आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जागा संपतात. ते काम ताईंसारखं रायपुरात कोणी करत नसे. त्या आंघोळ करून, केस बांधून, संगणकासमोर बसायच्या. साइटचं पान उघडायचं बटण कुठे, नावं भरून ठेवलेलं पान कुठे, हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. बघायच्या त्या फक्त घड्याळाकडे. खिडकी उघडली की टक टक टक, आणि तिकीट निघालं! "झालं," म्हणून त्या उठायच्या आणि कढईत फोडणी टाकायच्या. गल्लीतली माणसं दारात उभी असायची, कोणाची आई दवाखान्यात, कोणाच्या भाचीचं लग्न. ताईंनी ज्यांना गाडीत बसवलं त्यांची मोजदाद नाही. मला वाटतं आयुष्यात त्यांना सगळ्यात जास्त अभिमान कशाचा असेल तर या गोष्टीचा होता. भाऊजी रात्रीतून छप्पर खालीवर करायचे तरी ताई सकाळी एक नजर टाकून बटण हुडकायच्या, "अच्छा, आज तिकडं गेलं काय!"

मग ती सकाळ आली. तिकीट माझं आणि माझ्या बायकोचंच होतं, वर्ध्याला तिच्या मामेभावाच्या मुलाच्या लग्नाला जायचं होतं. मी तिथेच दिवाणावर चहा घेत बसलो होतो, निश्चिंत. आदल्या दिवशी भाऊजींनी एक नवा शोध लावला होता. वरची पट्टी पूर्ण काढून टाकायची आणि उघडलेल्या पानांची नावं उजव्या कडेला उभी लावायची. पडदा रुंद असतो, उंच नसतो, तेव्हा वरची जागा महाग आणि बाजूची स्वस्त, असं त्यांचं गणित. गणित खोटं नव्हतं. वेळ झाली. ताईंचा हात वर गेला आणि थांबला. त्यांनी पडद्याच्या मधोमध बघितलं, वर बघितलं, पुन्हा मधे बघितलं. मला दिवाणावरून उजव्या कडेची सगळी नावं स्वच्छ दिसत होती. "ताई, उजवीकडे," मी म्हणालो. त्यांनी मान उजवीकडे वळवली, म्हणजे नुसते डोळे नाही, अख्खी मान, आणि तरी त्यांचा पडद्यावरचा बाण पानभर भटकत राहिला. भाऊजी धावत आले, त्यांनी कळ दाबली, पण तोवर सगळं संपलं होतं. आम्ही बसने गेलो, त्याचं काही नाही. पण ताईंनी संगणक बंद केला, त्याच्यावर कापडी झाकण घातलं आणि म्हणाल्या, "आता तिकिटं तुम्हीच काढत जा. मले नाई जमत." रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या.

त्यानंतर गल्लीतला कोणी तिकिटासाठी आला की ताई आत निघून जायच्या. भाऊजी तिकीट काढायला बसायचे आणि त्यांना ते जमायचं नाही, कारण खिडकी उघडण्याच्या ऐन वेळी त्यांना एखादं बटण वाकडं दिसायचं. मग एक दिवस बैठकीतल्या स्टुलाला अडखळून त्या पडल्या. स्टूल काही लपलेलं नव्हतं, त्यांच्या पायाच्या थोडं डावीकडे होतं, भरदुपारी. हाताला मुका मार लागला. तेव्हा कुठे माझ्या बायकोने हट्ट धरून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावलं की मधली नजर चांगली आहे, सुईत दोरा ओवतील, पण कडेची नजर गेलेली आहे, आणि गेलेली परत येत नाही. थेंब घालायचे, उरलेली सांभाळायची. जणू एखाद्या पुंगळीतून बघावं तसं त्या बघत होत्या, आणि केव्हापासून बघत होत्या कोण जाणे. रोज वस्तू हलत होत्या म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांना एखादी वस्तू दिसली नाही की सगळ्यांना, अगदी त्यांना स्वतःलाही, वाटायचं, भाऊजींनी हलवली असेल.

हे शेवटचं वाक्य डॉक्टरांचं नाही, भाऊजींचं आहे. दवाखान्याच्या बाहेर, स्कूटरवर हात ठेवून ते मला म्हणाले.

पण गप्प बसणं त्यांच्या रक्तात नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घर मोठं करायला घेतलं. ताटाएवढं घड्याळ आलं. दुकानात लावतात तसल्या आकड्यांचं कॅलेंडर आलं. फोन असा आला की एकेक आकडा चिंचोक्यापेक्षा मोठा. आणि ज्या माणसाने जन्मभर बोट बोट जागा वाचवली, त्याने ब्राउझर एवढा फुगवला की एका पडद्यात चार शब्द मावेनात. बटणं कलिंगडाएवढी! छप्पर पुन्हा आलं, आणि ते आता अर्ध्या पडद्यापर्यंत खाली आलं. डोळे अधू झालेल्यासाठी मोठं करायचं, हे तर कोणीही सांगेल. मलाही ते पटलं होतं. भाऊजींनी कापडी झाकण काढलं, ताईंना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि मागे उभे राहिले. मी आणि माझी बायको बाजूला. ताई बघत राहिल्या. त्यांच्या पुंगळीत एका बटणाचा एक तुकडा मावत होता. बाकीचं शोधायला त्यांना मान गोल गोल फिरवावी लागत होती, अंगणात हरवलेलं काही शोधावं तशी. थोड्या वेळाने त्यांनी हात मांडीवर ठेवले. "मोठं नको मले," त्या म्हणाल्या. "अक्षर दिसते मले, बारीकही दिसते. मोठं केलं की ते बाहेर जाते."

"मग काय करू, सांग ना," भाऊजी म्हणाले. "तू म्हणशीन तसं करून देतो. रंग बदलू? डावीकडं आणू?"

"काही करू नका," ताई म्हणाल्या. "एकदा लावा, अन् मग हात लावू नका. जिथल्या तिथं पाहिजे मले."

मी भाऊजींच्या हातांकडे बघत होतो. त्यांनी ते पाठीमागे नेऊन एकमेकांत धरले.

पुढचे दोन-तीन दिवस ते त्या संगणकासमोर बसले, पण या वेळी ताई शेजारी. ताई म्हणायच्या, अजून इकडं. मग ते तिकडे न्यायचे. छप्पर पुन्हा उतरलं. बटणं पुन्हा बारीक झाली, एकमेकांना चिकटली, आणि लागणारी सगळी ताईंच्या नजरेच्या वर्तुळात, वर मधोमध येऊन बसली. पांढऱ्यावर करडी असलेली अक्षरं काळ्यावर पिवळी झाली. एवढ्या वर्षांची ती दाटीवाटीची विद्या अशी कामी येईल असं त्यांनाही वाटलं नसेल. आणि झाल्यावर भाऊजींनी पांढरा ऑइलपेंट आणला. तो कशासाठी ते मला कळेना. त्यांनी खुर्च्यांच्या, दिवाणाच्या, स्टुलाच्या प्रत्येक पायाभोवती जमिनीवर रेघ मारली. "आता हे इथंच," ते म्हणाले. जणू एखाद्याने दारू सोडल्याची शपथ घ्यावी, तसा त्यांचा चेहरा होता.

पहिलं तिकीट ताईंनी काढलं ते शेजारच्या बाईंचं, त्यांचा भाऊ नागपूरला दवाखान्यात होता. टक टक टक. "झालं," ताई म्हणाल्या आणि फोडणी टाकायला उठल्या. भाऊजी उगाच बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसले.

त्यानंतर मला वाटलं गोष्ट संपली. पण ब्राउझर बनवणाऱ्यांना आमच्या ताई कुठे ठाऊक! मधे काही वर्षं गेली, भाऊजींचं खातं शहराबाहेरच्या नव्या राजधानीतल्या भल्यामोठ्या इमारतींत गेलं, तिथे हलवण्यासारखं काही उरलेलं नाही असं म्हणत भाऊजी निवृत्त झाले, आणि एका सकाळी संगणक उघडला तर ब्राउझर आपोआप नवा झालेला. गोल गोल बटणं, त्यांच्यामध्ये ऐसपैस जागा, जाड छप्पर, आणि दाटीवाटीने लावायची जी सोय होती ती काढूनच टाकलेली. ताईंचा हात पुन्हा हवेत थांबला. भाऊजींचा जो संताप झाला तो मी जन्मात पाहिला नव्हता. ते स्कूटरवरून थेट आमच्याकडे आले, सोफ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि खोलीच्या मधोमध उभे राहून ओरडले, "भैया, असं कोणी करते काय? लोकांच्या घरात शिरून त्यांचं सामान हलवते काय कोणी?"

माझी बायको चहाचा कप घेऊन तशीच उभी राहिली. मी सोफ्याच्या कोपऱ्यात आणखी खोल गेलो. हसू येत होतं आणि हसवत नव्हतं. त्यांच्या मुलीला, ती पुण्याला नोकरीला आहे, त्यांनी आमच्याच घरून फोन लावला. ती मराठी समजते पण उत्तर हिंदीतच देते. "पापा, सबका बदल गया है। दो दिन में आदत हो जाएगी।" "आम्हाले होईन वो पोरी," भाऊजी म्हणाले. "तुझ्या आईले नाई होणार."

मग ते घरी गेले आणि त्या ब्राउझरच्या मागेच लागले. काढून टाकलेली सोय कुठे तरी आत शिल्लक असणारच, अडगळीच्या खोलीत जुनी खुर्ची असते तशी, असा त्यांचा विश्वास होता. आणि होती. कुठल्याशा आडबाजूच्या पानावर, धोका आहे, विचार करून पुढे जा, असा इशारा ओलांडून आत गेलं की एक बारीकसा खटका होता. तो त्यांनी दाबला. उरलेलं बोट बोट करून जागच्या जागी आणलं. तेव्हापासून रोज सकाळी ताई उठायच्या आत ते संगणक उघडून बघतात, काही हललं का. ज्याने आयुष्यभर सगळं हलवलं तो माणूस आता पहाऱ्यावर बसलेला आहे. त्यांच्या बैठकीत गेलं की मला करमत नाही. फ्रिज तिथेच. दिवाण तिथेच. जमिनीवरच्या पांढऱ्या रेघा मळून पिवळ्या झाल्या, पण खुर्चीचे पाय त्यांच्या बाहेर गेलेले नाहीत. भाऊजी बोलताना आपले हात मांडीखाली घेऊन बसतात, लहान मुलाला बसवावं तसे.

म्हणून रविवारी ते दोघं आमच्याकडे येतात. त्याच्या आदल्या दिवशी मी आणि बायको मिळून सोफा मुद्दाम दारात आडवा लावतो. माझ्या संगणकावरचा ब्राउझर मी पहिल्यासारखा फोपसा करून ठेवतो, छोट्या घराच्या बटणासकट. भाऊजी ताईंना कोपराला धरून आत आणतात, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसवतात, आणि मग मागे वळून खोलीकडे बघतात. "काहून भैया, हे पुन्हा असं कसं झालं?" मी म्हणतो, "काय माहीत भाऊजी, आपोआपच होते." "थांबा," म्हणून ते बाह्या सरसावतात. मग पुढचे दोन तास आमच्या घरात कोणाला बसायला मिळत नाही. टीव्ही फिरतो, तिपाई फिरते, मला माझ्या कोपऱ्यासकट भिंतीकडे तोंड करून ठेवलं जातं, माझ्या पडद्याचं छप्पर उतरतं. ताई खुर्चीत बसून नुसत्या आवाजावरून सांगतात, "अच्छा, आज कपाट तिकडं गेलं काय!" भाऊजी हसतात. ते गेल्यावर आम्ही दोघं धापा टाकत सगळं परत बिघडवून ठेवतो. उठायचा कंटाळा असलेल्या माणसाने हे दर आठवड्याला करावं, यापेक्षा जास्त माया मला दाखवता येत नाही.

गेल्या रविवारी ताईंना सर्दी होती, म्हणून भाऊजी एकटेच आले. नेहमीसारखी बाह्या सरसावून कामाला लागले. सोफा गेला, तिपाई गेली, पुस्तकांची मांडणी गेली, माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन पहारा देत उभी राहिली. खिडकीजवळ कपाट न्यायचं त्यांच्या मनात होतं, तिथे चार बोटं वाचत होती, त्यांनी मोजून पाहिलं. आड येत होती ती वेताची खुर्ची. मी म्हणालो, "भाऊजी, आज ताई नाही आल्या, ती सरकवा ना." त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "राहू द्या भैया. ते तिथंच असू द्या." आणि कपाट घेऊन ते दुसऱ्या भिंतीकडे गेले.